तेलाचा डबा

शनिवार, ११ ऑक्टोबर. परंडा.

इंग्रजीचा अभ्यास पोरीचा, आणि डोकं उठलंय माझं. घरचे पूर्वी काय करायचे, आता करत नाहीत, ते विचारून वाक्यं लिहायची होती. मी सहज बोलून गेले, लिही, माय मदर यूज्ड टू स्विम. तिनं लिहिलं, आणि वर तोंड करून विचारते, "मम्मी, खरंच, का नुसतं वाक्यासाठी?"

वाक्यासाठी! ईटला माहेरच्या विहिरीत आप्पांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून ढकललं होतं मला. थोड्याच दिवसांत डबा सुटला. मग पायऱ्या कोण उतरतंय, थेट काठावरून उडी. लग्नानंतर थांबलं कसं? कुणी नको म्हणलं होतं का? तसंही न्हाय. मग?

सासूबाईंना सांगून टाकलं, उद्या पोरीला घेऊन ईटला जाते, पोहायला शिकवते. त्या म्हणाल्या, "अगं, ह्या वयात विहिरीत उतरणार? पंजाबी ड्रेसवर?"

"व्हय, ड्रेसवरच."

डबा घासून, झाकण घट्ट बसवून दाराशी ठेवलाय. पोर विचारत होती, एकच का घेतला?

मला लागत न्हाय.