किनारीचा लाल धागा

प्रिय प्रफुल्ल,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मध्येच गिऱ्हाइकाला भाव सांगायला लागतोस, म्हणून कागद घेतला. नागपूरला लेकीकडे सुखरूप पोचलो. रीनावहिनींनी दिलेला चिवडा भंडारा यायच्या आतच संपला, हे त्यांना सांगू नकोस.

लढाई संपली आणि मी फौजेच्या वायरलेसवरून निवृत्त होऊन आंधळगावला आलो, तेव्हा चौकात दोन टीव्ही लागलेले असायचे. हिरालालच्या हॉटेलातलं चॅनल ओरडायचं, सीमेवर खबर ऐकणारेच झोपा काढत होते, यात सरकारचा काय दोष? समोर भूपेंद्रच्या पानठेल्यावरचं म्हणायचं, खबर आली होती, सरकारनेच दाबली. त्यांनी तर हल्ल्याआधी मी पाठवलेल्या अहवालाचं पहिलं पान फोटोसकट दाखवलं. तेव्हापासून मी रस्त्याच्या एका बाजूला कामचोर आणि दुसऱ्या बाजूला वीर. अंगातला शर्ट तोच. तू मात्र तुझ्या कापडाच्या दुकानातला टीव्ही बंद केलास आणि म्हणालास, "नंद्या, कायले तोंड पाडून बसला बे? हे ठाण धर, घडी घालू." तीन महिने तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस. गड्या, त्या घड्या घालता घालताच मी सावरलो.

पहिलं पान खरंच आहे. सीमेपलीकडच्या चौकीने एकाएकी तिप्पट रेशन मागवलं, ते मी वायरलेसवर ऐकलं आणि लिहिलं. दुसरं पान कोणीच दाखवलं नाही. त्यावर शेवटची ओळ माझीच आहे: 'बहुधा सणाची तयारी असावी.' वर्षभरापूर्वी माझा असाच एक इशारा फोल ठरला होता आणि सगळे हसले होते. पुन्हा हसं नको, म्हणून ती ओळ जोडली. साहेबांनी ती वाचली आणि कागद बाजूला ठेवला. अकराव्या दिवशी हल्ला झाला, सात जवान गेले. वरच्यांनी दुसरीकडून खात्री करायला हवी होती, ती त्यांची चूक. पण ती ओळ माझी.

त्या सातांतला एक एकोडी गावचा सुगत. त्याची आई मंगलाबाई मला शोधत तुझ्या दुकानात आली, आठवतं ना? माझा हात धरून म्हणाली, "भाऊ, माह्या पोरासाठी तुम्ही तरी बोलले. तुमचे उपकार हायेत." ती गेल्यावर तुला सगळं सांगितलं. तू समजूत घातली नाहीस, दोषही दिला नाहीस. कपाटातून माझ्या आईने विणलेलं जुनं कोसा रेशमाचं ठाण काढून पुढ्यात पसरलंस. किनारीला लाल धागा होता. आपल्याकडची रीतच ती, विणताना दोष राहिला तर विणणाऱ्यानेच तिथे धागा बांधायचा आणि मग ठाण दुकानात द्यायचं. मी चष्मा लावून पाहिलं, दोष सापडेना. तू म्हणालास, "काकीनं बांधला नसता तं कोणालेच समजलं नसतं." आभार मानले तर तू शिव्या देशील. दे. त्या दुपारसाठी मी जन्मभर तुझा ऋणी आहे.

चौकशी समितीपुढे माझी साक्ष पुढच्या सोमवारी आहे. दुसरं पान मी स्वतः ठेवणार. दोन्ही चॅनल ते आपापल्या सोयीने कापतील, कापू देत. भूपेंद्रने लावलेला माझ्या सत्काराचा बॅनर तेवढा चौकातून उतरव. पण मंगलाबाईंना हे टीव्हीवरून कळायला नको, माझ्याच तोंडून कळावं. म्हणून साक्षीआधी, रविवारी, मी एकोडीला जाणार आहे. ती कदाचित दारातूनच परत पाठवेल, तो तिचा हक्क आहे. तू सकाळी दहा वाजता साकोलीच्या एसटी स्टँडवर येशील का? तिथून एकोडीला सोबत जाऊ. बोलायचं ते मीच बोलेन, तू नुसता शेजारी उभा राहा. ते दार एकट्याने वाजवायची माझी हिंमत होत नाही.

तुझाच,
नंद्या