पूर्वेच्या खोलीतले कोहळे

मी, तुळसाबाई भीमराज मुनेश्वर, वय वर्षे एकाहत्तर, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, माझ्या मागे काय कोणाचे ते आजच लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेब म्हणाले. कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करणारा अजून जन्माला यायचा आहे, हे माझी मुले सांगतील.

कलम १. घर दोन खोल्यांचे, वाटणीत आले ते एवढेच. अंगण धाकट्या दिराकडे, म्हणजे जाऊ वच्छलाकडे गेले. त्या अंगणात आमची सासू कोहळे, वाल, चिवळीची भाजी लावायची आणि आम्ही दोघी जावा पाणी शेंदायचो. एकमेकींच्या बादलीत पाणी ओतून कोणाचे जास्त म्हणून भांडायचो. ते दिवस आठवले की अजून हसू येते. वाटणीच्या दिवशी मी म्हटले, वेलापुरती हातभर जागा द्या. वच्छला खाली मान घालून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मीही तिच्याशी बोलणे टाकले, त्याला चौदा वर्षे झाली. घर मुलगा राजदीप व मुलगी दीपमाला यांना सारखे; पूर्वेची खोली मात्र कलम ४ प्रमाणे.

कलम २. अंगण नाही तर घरात लावीन, असे मी म्हटले आणि सगळे हसले. माझे यजमान कालकथित भीमराज हसले नाहीत. ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. पूर्वेच्या खोलीवरचे दोन पत्रे काढून त्यांनी उजेड येणारे फायबरचे पत्रे टाकले. "उन्हायात भाजून निघशीन," म्हणाले, पण टाकले. रंगाचे डबे आणले, कूलरची फुटकी टाकी आणली. पहिल्या वर्षी मी नुसती काळी माती भरली. ती विटेसारखी आवळली आणि मेथी मेली. मग निम्मी माती आणि बाकी वाळू, शेणखत नि सरकीचा कचरा, हे जमले. दीपमाला यवतमाळला तिसऱ्या मजल्यावर राहते, बाल्कनी पाटाएवढी. कोथिंबीर, मिरची, टमाट्याचे डबे तिला. यजमानांचे पाने व हातोडी राजदीपला. त्याला खिळा ठोकता येत नाही, तरी त्यालाच.

कलम ३. हे कलम मालमत्तेचे नाही, माझ्या चुकीचे आहे. सासूच्या कोहळ्याचे बी मी त्या खोलीत लावले. वेल गजांवरून छतापर्यंत गेला, फुलांनी भरला, पण फळ धरेना. बोराएवढी कोहळी पिवळी पडून गळायची. त्यातच रोज सकाळी खिडकीच्या गजात एक पिवळे फूल खोचलेले दिसू लागले. ती खिडकी वच्छलाच्या अंगणात उघडते. मी समजले, करणी! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली बाई मी, आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. अकरा दिवस फुले नालीत फेकली.

शेजारची अकीला कोथिंबीर न्यायला आली, तिने हे पाहिले. म्हणाली, "कायची करणी वो बाई? हे नर फूल आहे. घरात मधमाशी येत नाही, अन् तुमच्या वेलाची नर फुलं तुमी भज्यात तयून खाल्ली. मंग फय कसं धरन? वच्छलाबाई तिच्या वेलाचं देऊन राह्यली."

बाराव्या दिवशी ते फूल मी मादी फुलावर टेकवले. त्या वर्षी तीन कोहळी धरली. छताला जुन्या लुगड्याच्या झोळ्या बांधून ती पोसली. पुढे नऊ वर्षे, फुलोरा आला की खिडकीत फूल यायचे. मी घ्यायची, आणि भजीही खायची. आभाराचा एक शब्द मी बोलले नाही. त्याची मला लाज वाटते.

कलम ४. मागच्या उन्हाळ्यात वच्छलाच्या मुलाने मोटारसायकली ठेवायला अंगणात सिमेंट टाकले. तिचा वेल गेला, बी गेले. यंदा खिडकीत फूल आले नाही आणि मी भजी केली नाहीत. सिमेंटवर उभी राहून ती माझ्या डब्यांकडे पाहते, हे मी पाहिले आहे. म्हणून पूर्वेची खोली वच्छलाने तहहयात वापरावी, नंतर ती मुलांची. खिडकी काढून तिथे दार करावे. काचेच्या बरणीतले कोहळ्याचे सगळे बी तिचे. राजदीपला त्या खोलीत एसी लावायचा आहे. त्याने पुढच्या खोलीत लावावा.

कलम ५. साक्षीदार म्हणून मी वच्छलालाच हाक मारली. चौदा वर्षांत पहिली. ती ओल्या हातानेच आली. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मिळते त्याची सही चालत नाही.

वच्छला म्हणाली, "मंग मले काही नोको देऊ, बाई. मी सही करतो."

मी म्हटले, "सही कोनीबी करन. फूल कोन देईन?"

तिने पदर डोळ्याला लावला. "त्या दिवशी मले बोलता नाई आलं, बाई," एवढेच म्हणाली. मग मलाही रडू आले आणि वकीलसाहेबांना चहा सांगावा लागला.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते म्हणे. बाकीची कलमे खुशाल थांबोत. कलम ४ आजपासून लागू. गवंडी उद्या सकाळी येतो आहे.

लिहून ठेवणार: तुळसाबाई भीमराज मुनेश्वर (सही)
साक्षीदार: १. अकीला बी शेख रहमत (सही)
२. सेवादास राठोड, निवृत्त शिक्षक (सही)
ठिकाण: दिग्रस. दिनांक १८ सप्टेंबर २०२५.
समक्ष हजर: वच्छला मुनेश्वर. सही नाही; बरणी मांडीवर घेऊन बसली आहे.