अंगणातल्या ट्रॅक्टरची विल्हेवाट

दिनांक ११ मे २०२५, रविवार, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शिरढोणची वीज गेली, आणि ज्या ट्रॅक्टरवर आमच्या घराची वीज चालायची तो अंगणात नव्हता. माझा पुतण्या हितेश तो हळदीच्या डीजेसाठी घेऊन गेला होता.

मी, शकुंतला कमळाकर भोईर, वय ७१, निवृत्त शिक्षिका, राहणार शिरढोण, तालुका पनवेल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणण्याची हिंमत आजवर कुणाची झालेली नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी मुलगी ऋचा हिला. घर बिल्डरला द्यायचं तर खुशाल द्यावं. इमारतीला माझं नाव देऊ नये.

२. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून जाऊ निशा हिने जन्मभर मला ‘मॅडम’ म्हणून हिणवलं. तिला माझे दोन्ही इंग्रजी शब्दकोश.

३. ट्रॅक्टर, त्याच्या मागे शाफ्टने जोडायचा जनरेटर आणि पान्यांची पेटी. ही जोडणी माझ्या यजमानांनी स्वतःच्या ऑक्सिजन मशीनसाठी केली होती. “शकू, आधी मेन स्विच पाड, मंग ट्रॅक्टर चालू कर. खांबावर वायरमन असंल तर मरंल,” हे त्यांनी मला शंभरदा बजावलं. जादा सिलिंडर आणू म्हटलं की म्हणत, “अंगणात ट्रॅक्टर हाय ना?”

त्या दुपारी ते झोपले होते. हितेश आला. “काकी, बळीरामच्या पोरीची हळद हाय. डीजेला जनरेटर पायजे. काकांना उठवू?”

“त्यांना कशाला उठवतोस? ने ते धूड. अंगणभर डिझेलचा वास.”

“लाईट गेली तर फोन कर. धा मिनटांत आनतो.”

मी सात फोन केले. एकही उचलला गेला नाही. सगळा गाव काळोखात आणि हळदीचा मांडव तेवढा लखलखत होता. यजमान विचारत होते, “शकू, ट्रॅक्टर चालू का व्हत नाय?” मी म्हटलं, “होतोय, थांबा.” पनवेलच्या दवाखान्याच्या वाटेवर, कंटेनर ट्रकांच्या रांगेत, ते गेले.

तेराव्याला हितेश सर्वांसमोर म्हणाला, “काकीनंच नेऊ दिला.” मी म्हटलं, “खोटारड्या, चोरून नेलास.” बाईंचा शब्द म्हणून गावाने मानला. तेव्हापासून त्याला कुणी दारात उभं करत नाही.

हितेश खरं बोलला होता. खोटं मी बोलले. हे मी साक्षीदारांना वाचून दाखवलं आहे. ट्रॅक्टर, जनरेटर व पेटी हितेशला.

सही: शकुंतला क. भोईर
साक्षीदार: १. बळीराम सुदाम ठाकूर २. दिपिका अंकुश म्हात्रे
स्थळ: शिरढोण. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

हितेश, याची प्रत तुला आजच पाठवत आहे. फोन डीजेत ऐकू आला नाही, की माझं नाव पाहून खिशात ठेवलास? उत्तर काहीही असो, ट्रॅक्टर तुझाच. मात्र ३० नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी पाचच्या आत मला लेखी कळव. लेखीच. तोंडी झालेलं मी नाकारू शकते, हे तू पाहिलं आहेस.