धारा मी काढते, पोरींना सोड

लाडक्या मर्ली,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, नाहीतर तू माझ्या नव्या गुडघ्याच्या डॉक्टरला फोन करशील.

आपली नात टालिया बायकांच्या फुटबॉल संघाची कप्तान झाली ना, तिच्याकडे यंदा गोठेवाल्या कॉलिनच्या तिन्ही मुली नव्याने आल्यात. दणकट आहेत गं. नाक मात्र बापाचं, ते असो. शनिवारी त्या नसत्या तर संघ पुरा झाला नसता आणि सामना समोरच्यांना फुकटात गेला असता. कॉलिन म्हणे, "दुपारी त्यांना धारा काढायच्या असतात. गाई काय सामना संपेपर्यंत थांबतात?"

"धारा मी काढते. पोरींना सोड."

"डल्सीकाकू, हाड मोडून घ्याल."

"तुझं तोंड चालतंय तोवर माझे हात चालतील."

गोठ्यातून मैदान दिसत नाही. गोल झाला की कडेच्या गाड्या भोंगे वाजवतात, तेवढं ऐकू येतं. पण भोंगे दोन्हीकडचे वाजवतात, म्हणजे गोल कुणाचा ते कळायची सोय नाही. कॉलिन माझ्यासोबत गाईंना यंत्राच्या नळ्या लावत होता. जरा वेळाने "कुंपण बघून येतो" म्हणाला आणि ट्रक घेऊन गेला.

सामना संपल्याचा सायरन झाला आणि एक भोंगा सुरू झाला, घोगरा, थांबायचं नावच घेईना. तसा भोंगा गावात एकाच ट्रकला आहे.

मी गाईला सांगितलं, "बाई, जिंकलो आपण." तिने लाथेने नळ्या उडवल्या. मी उडू दिल्या.

पुढच्या शनिवारीही गोठ्यातच असणारी,
तुझी डल्सी