शेवटचा बाण शेषरावचा

वाशीम, शुक्रवार

तीर्थरूप बाबांच्या चरणी उकंडाचा साष्टांग नमस्कार.

प्रथम हे कळवतो की शेषराव सुखरूप आहे. कोठडीत दोन्ही वेळ जेवतो. आपल्या गुडघ्यांची सूज उतरली का? आईला हकिगत बेताबेताने सांगावी.

झाले ते असे. जीपमधून आलेल्या शिकाऱ्यांनी दिव्याच्या झोतात हरणावर गोळी झाडली आणि त्याला जखमी सोडून ते निघून गेले. सकाळी शेषरावला ते हरीण तडफडताना दिसले. त्याने तिरकमठ्याने त्याचा शेवट केला आणि तो तेथेच पकडला गेला. आपल्या काळी पायी माग काढून, बाणाने केलेल्या पारधीला गावात मान होता. नव्या कायद्यापुढे बाण आणि बंदूक सारखेच गुन्हेगार आहेत.

वकील म्हणतात, त्याने निदान गोळीचेही सांगावे. तो मात्र हटून बसला आहे : "दादा, ज्याचा शेवटचा बाण त्याची शिकार. गोयीचं नाव सांगून मी आंग काढून घेऊ काय? मंग बाबाले काय तोंड दावू?"

मी हात जोडले, त्याच्यासमोर रडलोही. सोमवारी त्याचा जबाब आहे आणि तो फक्त आपले ऐकेल. पत्र आणणाऱ्या कंडक्टरजवळच दोन ओळी लिहून द्या. गुडघे साथ देत असतील तर स्वतः या.

जखमी जनावर मागे टाकून यायचे नाही, हे आम्हा दोघांना आपणच शिकवलेत. त्याला येथे टाकून मी घरी कसा येऊ?

आपल्या निरोपाकडे डोळे लावून बसलेला,
उकंडा