पट्टीवरचं संध्याकाळचं पाणी

नैरोबी,
१४ ऑगस्ट

प्रिय पर्पेतुआमामी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मका वाळत घातला असशील, आणि कोंबड्यांशी तुझं रोजचं भांडण सुरू झालं असेल. मी बरी आहे. इथे थंडी आहे आणि मक्याच्या पिठाच्या उगालीला आपल्याकडची चव नाही, हे मी दर पत्रात लिहिते, तसं याही पत्रात.

मे महिन्यात तू पाठवलेल्या भुईमुगाच्या शेंगा हॉस्टेलच्या मुलींनी दोन दिवसांत फस्त केल्या. पिशवीच्या तळाशी मामाची वही होती. ती मात्र मी परवापरवापर्यंत उघडली नव्हती.

मामाच्या दफनाला का आले नाही असं तू विचारलंस, तेव्हा मी परीक्षा म्हटलं. परीक्षा नव्हती, मामी. पीएच.डी.च्या या वर्षी परीक्षाच नसतात. मी खोलीत बसून होते. कुणीतरी फोनवर पाठवलेली दफनाची छापील पत्रिका वाचत होते. त्यात मामाची चर्चमधली कामं होती, सहा मुलं होती, गाईसुद्धा होत्या. नदीचं काम नव्हतं. अठ्ठावीस वर्षं माणूस पाणी खात्यासाठी सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला पुलाखाली उतरून नदीतल्या मोजपट्टीवरचं पाणी वाचत आला, आणि त्याचा एक शब्द नाही. घरच्यांना लाज वाटली असणार. ती लाज तुमच्या दारात कुणी आणून टाकली, ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. तुला माहीत असलेलंही पहिल्यापासून लिहिते, नाहीतर मी पुन्हा सोयीचं तेवढंच सांगेन. हळूहळू वाच, बायबल वाचतेस तसं.

मला आकडे शाळेत आले नाहीत, त्या पट्टीवर आले. मामा खांद्यावर बसवून न्यायचा आणि विचारायचा, "नालियाका, नदी आज किती उंच?" मी काहीतरी ठोकून द्यायचे. तो म्हणायचा, "अंदाज चहात साखर घालायला. नदीला अंदाज चालत नाही, बाई." म्हणून तर मी हा विषय घेतला. त्याच पुलाखाली मी माझं यंत्र टांगलं. ते पाण्याकडे आवाज सोडतं, तो आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खाली आहे ते काढतं, आणि तारेशिवाय आकडा नैरोबीला धाडतं. चोरी होऊ नये म्हणून लोहाराकडून लोखंडी डबा करून घेतला. तू हसली होतीस. "मधमाश्यांचं पोळं की भुताचं घर?" म्हणाली होतीस.

यंत्राचे आकडे मी मामाच्या आकड्यांशी ताडून पाहिले. सकाळचे बोटाबोटाने जुळले. संध्याकाळचे जुळेनात. मामा पाणी वीतभर वर लिहायचा, यंत्र खाली सांगायचं. ढगाळ दिवशी मात्र दोघांचं एकमत. माझे प्राध्यापक मुतुआ यांनी विचारलं, "मग चूक कुणाची?"

मी म्हणाले, "माणसाची."

मामी, मी असं धरून चालले की ऊन असलं की म्हातारा खाली उतरत नाही, घरी बसून सकाळच्याच आकड्यावर काहीतरी लिहितो. ढगाळ असलं की उतरतो, म्हणून तेव्हा जुळतं. किती छान बसलं होतं सगळं! प्रबंधात मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्यात मामाचं नाव नाही, 'निरीक्षक अ' एवढंच आहे. तुला एक फोन करून "मामा संध्याकाळी पाचला कुठे असतो गं?" एवढंही मी विचारलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तशी मी.

ते प्रकरण प्राध्यापकांनी पाणी खात्याला दिलं. पुढचं तू डोळ्यांनी पाहिलंस. गावच्या बैठकीत खात्याचा साहेब उभा राहिला, मामाकडून खात्याची वही काढून घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "यंत्र झोपत नाही. म्हातारा झोपतो." लोक हसले. मामा एवढंच म्हणाला, "पाणी जिथं होतं तिथं मी लिहिलं."

तुला आजवर वाटतं, खात्याने त्याला काढलं. मी काढलं. साहेबाच्या हातातल्या कागदावर माझं नाव होतं आणि मामाने ते वाचलं होतं, हे मला साहेबाच्याच कारकुनाने नंतर सांगितलं. मामाने तुला सांगितलं नाही ना? मला वाटलंच. मलाही तो काही बोलला नाही. त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "तुझ्या डब्याखाली कोळ्याने जाळं केलं होतं, मी पुसून काढलं. आवाज अडला असता ना तुझा?" मी थँक्यू म्हणाले. मामी, मी थँक्यू म्हणाले आणि फोन ठेवला.

जूनमध्ये तो डबा दुरुस्तीला इथे आणला. आमच्या प्रयोगशाळेत ओतिएनो नावाचा एक मिस्त्री आहे, जिभेला हाड नसलेला. गरम हवेत आवाज जास्त वेगाने पळतो, म्हणून यंत्राला हवेचं तापमान सांगावं लागतं. ते मोजणारी नळी मी कुठे बसवली होती? लोखंडी डब्याच्या आत. डब्याचं तोंड पश्चिमेला. ओतिएनोने डबा उन्हात ठेवला, आत हात घातला आणि ओरडला, "अगं डॉक्टरीणबाई, हवेला ताप नाही आलाय, तुझ्या डब्याला आलाय! यात अंडं उकडेल!"

सगळे हसले. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसले. हसणं कसं लागतं ते तेव्हा कळलं.

संध्याकाळच्या उन्हात तापलेला डबा पाणी आहे त्याहून खाली दाखवत होता. मग गावाकडच्या साखर कारखान्यात रोज नोंदवलं जाणारं त्या दिवसांचं खरं तापमान मागवलं आणि सगळे जुने आकडे नव्याने काढले. खात्याच्या वहीतल्या मामाच्या प्रत्येक संध्याकाळी पाणी त्याने लिहिलं तिथेच होतं.

आणि मग मी तू पाठवलेली मामाची वही उघडली. मला वाटलं होतं, जुनी असेल. ती मामाला कामावरून काढल्यानंतरची निघाली. खात्याची वही काढून घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, शाळेच्या चौकटीच्या वहीत, सकाळ आणि संध्याकाळ, एकही दिवस न गाळता चौदा महिने. कुणी मागत नव्हतं, कुणी वाचणार नव्हतं. मी यंत्राच्या सुधारलेल्या आकड्यांशी ताडत गेले आणि रडत गेले. सगळे बरोबर आहेत, मामी.

शेवटच्या नऊ दिवसांचं अक्षर वेगळं आहे. सात उलटा काढलेला, आकडे ओळीबाहेर गेलेले. तेव्हा तो अंथरुणावर होता. त्याने तुला पाठवलं, आणि या गुडघ्यांनी तू पुलाखाली उतरलीस. तेही बरोबर आहेत. नऊच्या नऊ.

प्राध्यापकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझं एक वर्ष जाईल." जाऊ दे. खात्यालाही लिहून दिलंय. ते काय करतील ठाऊक नाही. गेलेल्या माणसाला नोकरी परत देता येत नाही. 'निरीक्षक अ' मी खोडलाय. तिथे आता मामाचं नाव, किझिटो वेकेसा, असं लिहिलंय. शेवटच्या नऊ दिवसांपुढे पर्पेतुआ नामालवा असं लिहिलंय. तुझी परवानगी नसेल तर कळव, तुझं नाव काढेन. त्याचं काढणार नाही.

एकच मागणं आहे. दफनानंतर तिसऱ्या दिवशी, डोकी भादरायच्या वेळी, म्हातारे विचारतात ना, "गेलेल्याचं कुणाशी काही राहिलं असेल तर आत्ता बोला"? तेव्हा मी तिथे नव्हते. तो प्रश्न विचारणाऱ्या मकोखा आजोबांना सांग, डिसेंबरमध्ये मी येईन तेव्हा सगळ्यांना अंगणात बसवा आणि तो प्रश्न पुन्हा एकदा विचारा. जे बैठकीत हसले होते त्यांनाही बोलवा. मी उठून उभी राहीन आणि हे सगळं मोठ्याने सांगेन. नंतर तू मला घरात जेवायला घेतलंस तर जेवेन. नाही घेतलंस तर पुलाखाली जाऊन पाणी वाचीन आणि परत फिरेन.

वही माझ्याजवळ आहे. तुझ्या शेवटच्या ओळीखालची पानं कोरी आहेत. त्यांवर मी काही लिहिलेलं नाही.

दोन खऱ्या निरीक्षकांची,
खोटी ठरलेली भाची,
नालियाका