वीजपंखच्या पोशाखात

इस्लामपूर, बुधवार

प्रिय मायाताई,

फोनवर तू "बरं हाय, बरं हाय" म्हणतेस आणि गिऱ्हाईक आलं की ठेवून देतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही, म्हणून लिहितो आहे. आधी पाठकोऱ्या कागदावर कच्चं लिहिलं, प्रत्येक वेलांटी तपासली आणि मग हे पक्कं केलं. दहावीत अडकलेल्या भावाचं पत्र तुझ्या दुकानात कुणी वाचलं तर तुला मान खाली घालावी लागू नये.

पहिली बातमी म्हणजे दिवाळीनंतर आपल्या वीजपंख मालिकेचं नवं पर्व येतं आहे. टीव्हीवर तर येईलच, पण यात्रेत आणि शाळांत आम्ही रंगमंचावर करतो ते खेळही नव्याने बसवणार आहेत. आपल्या भागातले खेळ आमच्या इस्लामपूरच्या गटाकडे राहणार की पुण्याच्या गटाकडे जाणार, हे येत्या रविवारच्या चाचणीत ठरेल. तेव्हापासून माझं जेवण अर्ध्यावर आलं आहे. आमच्या गटाच्या अंकितामॅडम म्हणतात, "सूरज, जगाची काळजी तुलाच वाटून दिलीय का रे?"  मी खेळात घालतो त्या वीजपंखच्या हेल्मेटचा पट्टा पुन्हा एकदा तपासला.

ताई, आपण वीजपंख पहिल्यांदा पाहिला तो बिराप्पाकाकांच्या दुकानात, आठवतं ना? ऐन मालिकेच्या वेळी लाइट जायची आणि काका ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्यांच्या लहान टीव्हीला जोडायचे. चित्र हलायचं, आवाज तर कधीकधी यायचाच नाही. मग वीजपंखचे संवाद तू म्हणायचीस, मनाला येतील ते. राक्षस त्याला "मर!" म्हणायचा आणि तू वीजपंखच्या वतीने म्हणायचीस, "थांब रं, आधी मेंढरं कोंडून येतो." पुढे मी आवाजासकट तेच भाग पाहिले, पण मला तुझेच संवाद बरे वाटले.

दुसऱ्या पर्वात आतला नट बदलला तेव्हा आपण दोन दिवस रुसलो होतो. "ह्यो खोटा हाय," असं तू सगळ्या वाडीला सांगितलंस. तिसऱ्या दिवशी त्याने पुलावरून उडी मारली आणि तूच सगळ्यांच्या पुढे जाऊन बसलीस. मला वाटतं, ही मालिका इतकी वर्षं टिकली ती यामुळेच. आतलं माणूस बदलतं, हेल्मेट तेच राहतं. आपल्याबरोबर टीव्हीपुढे बसणारी पोरं आता स्वतःच्या पोरांना खांद्यावर घेऊन आमच्या खेळाला येतात आणि पोरांपेक्षा मोठ्याने ओरडतात. दप्तरावर वीजपंख, राखीवर वीजपंख. शिराळ्याला नागपंचमीच्या गर्दीत एका फुगेवाल्याने मलाच वीजपंखचा फुगा विकला. मी साध्या कपड्यांत होतो, त्याला काय कळणार!

पण पलूसची गंमत तुला सांगायलाच हवी. तिथे यात्रेत खेळ झाला. खेळ संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष बाळासो सत्काराला वर आले. आपल्याकडे टॉवेल-टोपी आणि नारळ दिल्याशिवाय कुणाला जाऊ देतात का? आणि आमचा पहिला नियम असा, की मुलांसमोर हेल्मेट काढायचं नाही. बाळासो टोपी हातात धरून उभे. "आवं, ते डोक्यावरचं डबडं काडा की. टोपी काय डबड्याला घालू?" मी मान हलवली. आतून बोलायलाही बंदी आहे. खाली पोरं ओरडायला लागली, "काडू नका! काडू नका!" बाळासोंना वाटलं मी त्यांचा मान ठेवत नाही. त्यांचा चेहरा बदलला आणि मला आत दरदरून घाम फुटला. तेवढ्यात त्यांच्या आई, चंद्राबाई, काठी टेकत पायऱ्या चढून आल्या. म्हणाल्या, "आरं बाळ्या, पालखीतल्या देवाला फेटा बांदताना मुखवटा काडतूस व्हय? मुखवट्यालाच बांदतूस न्हवं? मग बांद की!" अख्खं मैदान हसलं. बाळासोंनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा सोडून माझ्या हेल्मेटला बांधला. तो इतका खाली आला की डोळ्यांची फट झाकली गेली. मी मोठ्या अदबीने वाकून नमस्कार केला, तो जनरेटरला.

तेव्हापासून गावोगाव हेल्मेटला फेटा बांधतात. एवढा मान असूनही त्या दिवशीचं एक वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. चंद्राबाईंची नात, सृष्टी, आजीला विचारत होती, "आज्जे, ह्यो वीजपंख हाय का बैलगाडी? पळतू किती हळू!" तिचं खरंच होतं.

आता नव्या पर्वाचं सांगतो. यंदा टीव्हीवर वीजपंख एक मुलगी आहे. त्यामुळे रंगमंचावरचा खेळही बदलला. मध्यभागी खांब रोवलेला असतो. लांबून पळत यायचं, एका हाताने खांब धरून गर्रकन वळायचं आणि समोर लांब सूर मारायचा. अंकितामॅडमनी आधी मला करून बघायला सांगितलं. मी पळत आलो, खांब धरला आणि खांबानेच मला सोडून दिलं. गादी होती उजवीकडे, मी गेलो डावीकडे. सगळे इतके हसले की शेवटी मीही हसलो. पोशाख माझ्या अंगावरून उतरणार हे मला तिथेच कळलं, आणि खोटं कशाला लिहू, हलकं वाटलं. मी बकलं, पट्टे, दिवे सांभाळणारा माणूस आहे. ते काम मला राहणारच आहे. पण तो सूर मारणारं कुणी रविवारपर्यंत मिळालं नाही, तर खेळ पुण्याला जातील.

ताई, खांबाला हात लावून वळताना पाठलाग करणाऱ्याला नुसती धूळ ठेवणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं आहे. याच इस्लामपूरच्या मैदानावर, खो-खोच्या सामन्यात. तू संघाला सामना जिंकून दिलास आणि त्याच महिन्यात आबांनी "लोक बोलत्यात, आता पुरं" म्हणून तुझा खेळ थांबवला. आज तू साताऱ्यात काउंटरमागे उभी राहून दुसऱ्यांच्या पोरांना वीजपंखचे कपडे घड्या घालून देतेस. मी अंकितामॅडमना तुझं नाव सांगितलं आहे. रविवारी सकाळी चाचणी आहे. यायचं की नाही हे तूच ठरव, पण आबांचं कारण मनात धरून नाही म्हणू नकोस. परवा मी मुद्दाम गावी जाऊन आलो. आबा मेंढरं मोजत होते. मी भीतभीतच सांगितलं, की तोंड पूर्ण झाकलेलं असतं, आत कोण आहे हे कुणाला कळत नाही, लोक काही बोलणार नाहीत. आबांनी राहिलेली मेंढरं मोजून घेतली. मग म्हणाले, "कुणाला न्हाई कळायचं, पर मला कळंल. ती पळाय लागली की मी लांबनं वळखीन. कवा हाय म्हणालास?" ते शनिवारीच इथे मुक्कामाला येत आहेत.

वाट पाहणारा,
तुझाच सूरज